न ऐकलेलं पान

गुरुवारी संध्याकाळी भिंगरीने जे सांगितलं ते रविवार उजाडला तरी मामीच्या पोटातच होतं. पोटात ठेवलेली गोष्ट काही गुमान बसत नाही. तिने या दिवसांत दोनदा दूध उतू घालवलं, एका मुलाला दुसऱ्याच्या वेळेला बसवलं आणि शनिवारी तर दोन्ही पियानोंची झाकणं उघडी टाकून झोपायला गेली. या घरात एक वेळ गॅस चालू राहिलेला चालेल, पण झाकण उघडं राहिलेलं चालत नाही.

तिला मामी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या भिंगरीचा, नणंदेच्या मुलीचा. पण तिचं ऐकून मागच्या खोलीत शिकायला येणारी सगळी चिल्लीपिल्ली मामी म्हणू लागली, आणि मग त्यांचे आईबापही. एक जाडजूड मिशांचे वकीलसाहेब फोनवर "मामी आहेत का?" असं विचारत, तेव्हा आताशा कुणाला हसूही येत नसे. मागची खोली मामीची. तिथे भिंतीला टेकलेला उभा पियानो आणि नवशिकी पोरं. पुढची खोली मोठ्या बाईंची, म्हणजे सासूबाईंची. तिथे मोठा पियानो, मोठे विद्यार्थी, आणि शिकवायला मोठ्या बाई नाहीतर वन्सं. या दोन खोल्यांच्या मधे एक भिंत होती म्हणायला. पुढे कुणी शिंकलं तर मागे ठेका चुकायचा.

आज मात्र पुढच्या खोलीत खुर्च्या मांडायच्या होत्या. पुढल्या आठवड्यात भिंगरीची संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा. त्याआधी तिने घरच्यांसमोर सगळं वाजवायचं, आणि ते झालं की मोठ्या बाई सांगणार होत्या की पुढची खोली, म्हणजे अख्खा स्टुडिओ, कुणाच्या हाती द्यायचा. बाईंची बोटं सांध्यांतून वाकडी झाली होती. आता त्या कपसुद्धा दोन्ही हातांनी धरत.

मामीला ती खोली हवी होती. उगीच सोवळेपणा कशाला? हवीच होती. लग्न होऊन आल्यापासून ती मागच्या खोलीत लोकांच्या पोरांची बोटं गोल करत बसली होती. तिने तयार केलेलं मूल जरा वाजवायला लागलं की पुढच्या खोलीत जायचं, आणि मग समारंभात टाळ्या वन्संना. आता कुठे दिवस फिरायची वेळ आली होती, आणि नेमकं आत्ताच हे समोर आलं.

मामा, म्हणजे तिचा नवरा, मोठ्या पियानोचं झाकण काढून सूर लावत बसला होता. गावभरचे पियानो लावणं हाच त्याचा धंदा. एकच पट्टी पुन्हापुन्हा ठोकत तो कान तिरपा करून ऐकत होता.

"अहो," मामी म्हणाली, "जरा थांबवा ते. मला काहीतरी सांगायचंय."

"सांग ना, कान मोकळा आहे."

"तोच मोकळा नाहीये. भिंगरीला वाचता येत नाही."

"काय वाचता येत नाही?"

"पान. समोर नवं पान ठेवलं तर तिला एक स्वर कळत नाही."

मामाने सूर लावायची किल्ली खाली ठेवली. "वेडी आहेस का? परवा तो केवढा मोठा तुकडा वाजवला तिने!"

"ऐकून! सगळं ऐकून, अहो! जिन्यात बसून गृहपाठ करते ना ती, तेव्हा इथे पुढे काय काय वाजत असतं. तिच्या वाट्याला तुकडा यायच्या आधीच तो तिच्या कानात जाऊन बसलेला असतो. उरलंसुरलं मी दाखवते. आपल्याकडची पद्धतच ती. आधी कान, मग डोळा. बारा वाजले की भूक लागते तसं नवीन धडा काढला की मी आधी एकदा वाजवते. गुरुवारी माझं बोट कापलेलं होतं म्हणून नाही वाजवलं, आणि धडाही बाहेरून आणलेला, घरात कुणी कधी न वाजवलेला. पोर आधी हसली. मग पाणी प्यायला गेली. मग म्हणे डोकं दुखतंय. आणि मग जी रडायला लागली..."

मामीला ते पुन्हा दिसलं. "रेघांवर कुठला स्वर, मधल्या गाळ्यांत कुठला, तुला तर घडाघडा येतं!" असं ती म्हणाली होती. त्यावर भिंगरी नाक पुसत म्हणाली, "म्हणायला येतं गं. ते गाण्यासारखं आहे. पण पानावर बघितलं की नुसत्या मुंग्या." आणि मग मामीच्या पदराला धरून, "आईला सांगू नकोस. आजीला तर मुळीच नको." मामीने सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं. रडणाऱ्या पोरीला दुसरं काय सांगणार?

मामाने मिनिटभर आपल्या हातांकडे बघितलं. "हे बघ. नवशिक्यांना वाचायला शिकवणं कुणाचं काम?"

"माझं."

"मग आज बोललीस तर आई काय ठरवेल ते सांगायला ज्योतिषी नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. आजचा दिवस जाऊ दे. उद्यापासून तिला गुपचूप बसव शिकवायला."

"आणि परीक्षेत? यंदापासून तिथे समोर नवं पान ठेवतात."

"ठेवतील तेव्हा बघू," मामा म्हणाला, आणि किल्ली उचलून पुन्हा तीच पट्टी ठोकायला लागला. अवघड प्रसंगी त्याचा कान नेहमीच असा कामात असायचा.

वन्सं आल्या त्या वाऱ्यासारख्या. नवी साडी, केस बांधलेले, आणि पाठोपाठ भिंगरी, तिचा चेहरा एवढासा झालेला. वन्संनी मामीला थेट स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"ऐक. आईचं मन माझ्याकडे झुकतंय, पण मी सांगणार आहे तिला, स्टुडिओ तुलाच दे म्हणून."

मामी बघतच राहिली. वन्संनी तिच्या बाजूने बोलायचं म्हणजे सूर्य कुठून उगवलाय ते खिडकीतून बघायची पाळी. "का हो, वन्सं?"

"अगं, भिंगरीला प्रवेश मिळाला की मला तिच्याबरोबर तिकडे राहायला लागेल. इथे कोण बघणार? आणि खरं सांगू? मला नकोच आहे हे सगळं. नवीन विद्यार्थी, नवीन पालक, नवीन पुस्तकं आणा म्हणून मागे लागणारी माणसं..." त्या एकदम थांबल्या. "जाऊ दे. तू कष्ट केलेयस. तुझं तुला मिळायला पाहिजे. फक्त ही पोर पार पडू दे."

मामीच्या तोंडात शब्द आला होता. वन्सं, थांबा, ती पार पडणार नाही. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा या बाईने तिचा हात प्रेमाने धरला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. ती म्हणाली, "चहा टाकू का?" आणि स्वतःचीच लाज वाटून तिने चहात साखर दोनदा घातली.

भिंगरीने वाजवलं मात्र असं, की ऐकणाऱ्याने सगळं विसरावं. डाव्या हाताचा ठेका भरीव, उजवा हात मोकळा, आणि समोर ठेवलेल्या पुस्तकाची पानं बरोबर जागच्या जागी उलटत होती लबाड. मामीला आता ते दिसत होतं. पोर पान उलटायची ती बघून नाही, सूर कुठे आला ते ऐकून. आपण हे चार वर्षं बघत होतो आणि आपल्याला दिसलं नाही, या विचाराने मामीच्या अंगावर काटा आला. शेवटचा स्वर विरला तशी वन्संनी डोळे टिपले, मामाने टाळ्या वाजवल्या, आणि मोठ्या बाई नुसत्या "हं" म्हणाल्या. बाईंचा "हं" म्हणजे दुसऱ्याचं सुवर्णपदक.

"छान," त्या पुढे म्हणाल्या. "आता हे." आणि मांडीवरच्या रुमालाखालून त्यांनी एक कागद काढला. "विद्यालयात नवं पान ठेवतात म्हणे. आपल्याकडचं सगळंच हिच्या कानावरून गेलंय. म्हणून काल मीच बसून लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, बोटं ऐकत नाहीत. पण सोपं आहे, चारच ओळी."

कागद पियानोवर गेला. भिंगरीने तो बघितला. मग मान वळवून मामीकडे बघितलं. तिने खालचा ओठ दातांत धरला होता.

मामी उठली. का उठली, काय ठरवून उठली, तिला विचाराल तर सांगता यायचं नाही. "थांबा हं," ती म्हणाली, "ती वरची एफची पट्टी मघाशी अडकत होती. मी बघते."

"एफ? अडकत नाही," मामा म्हणाला. "सकाळीच लावलाय मी सगळा." धंद्याचा अभिमान, दुसरं काय! बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने जीभ चावली. "म्हणजे, अडकत असेलही. हवेने फुगतात पट्ट्या."

"आणि शाई पसरलीय," मामी घाईघाईने म्हणाली. "वाचता येतंय का तेवढं बघते." तिने उभ्याउभ्याच पहिली ओळ वाजवली. मग दुसरी. साधंच होतं, बाईंच्या बोलण्यासारखं, मोजकं. वाजवता वाजवता तिने शेजारी बघितलं. भिंगरी पानाकडे बघत नव्हती. ती मामीच्या बोटांकडे बघत होती, आणि तिचा ओठ दातांतून सुटला होता. पोर निवांत झाली होती. आता दोनच ओळी राहिल्या, त्याही मामी वाजवेल, मग आपण वाजवू, मग सगळे टाळ्या वाजवतील.

तो निवांतपणा मामीला बघवेना. पुढल्या आठवड्यात परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर ही अशीच मान वळवून बघेल, आणि तिथे कुणी उठणार नाही. तिने हात उचलला.

"आई," ती म्हणाली. "एफ अडकत नाही. भिंगरीला वाचता येत नाही. मी दाखवलं तरच येतं. नवशिक्यांचं काम माझं, तेव्हा चूक माझी. मला गुरुवारी कळलं आणि मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मामी!" भिंगरी ओरडली. "तू म्हणाली होतीस सांगणार नाही!"

"हो गं, म्हणाले होते."

वन्सं उभ्या राहिल्या होत्या. "काय बोलतेस तू? भान आहे का? चार वर्षं माझी मुलगी तुझ्याकडे बसवली, तू केलंस काय तिथे? विणत बसली होतीस? आणि मी, मी वेडी, तुझ्यासाठी आईकडे शब्द टाकायला निघाले होते!"

"ताई, जरा बस," मामा म्हणाला.

"तू मधे पडू नकोस! तुलाही ठाऊक होतं वाटतं? म्हणूनच पट्ट्या हवेने फुगल्या!"

मामा पुन्हा आपल्या हातांकडे बघू लागला. भिंगरी पियानोच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि मामीकडे पाठ केली. मामीला वाटलं, गेलं. खोली गेली, मघाशी धरलेला हात गेला, पोरही गेली. एका वाक्यात माणूस किती गमावू शकतो!

"पद्धत म्हणून काही असते," वन्सं थांबायला तयार नव्हत्या. "मूल वाचतंय की नुसतं नक्कल करतंय, एवढं शिक्षकाला कळू नये?"

"कळायला पाहिजे," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "बरोबर बोललीस. आता तू बस तिथे."

"मी?"

"चारच ओळी आहेत. तिला वाजवून दाखव."

"आई, परीक्षा माझी आहे का? हे आत्ता कशाला..."

"बस."

वन्सं बसल्या. साडीचा काठ सारखा केला, हात पट्ट्यांवर ठेवले. आणि वाजवलं. पहिली ओळ सुरेख, मामीपेक्षा कितीतरी गोड. दुसरी त्याहून. मामीला क्षणभर हेवासुद्धा वाटला, खोटं कशाला सांगा. मग तिसरी ओळ आली, आणि वन्संचे हात थांबले. उजव्या हाताचं एक बोट वर उचललं गेलं, एका पट्टीवर आलं, तिथून दुसऱ्या पट्टीवर गेलं, आणि तसंच अधांतरी राहिलं. मामी जिथे थांबली होती, तिथेच.

मामीला कळलं, आणि कळलं तसं तिला नको झालं. तिने मान दुसरीकडे वळवली. एवढं मोठं माणूस असं उघडं पडलेलं बघू नये.

"चष्मा घरी राहिला," वन्सं पुटपुटल्या.

"तुला चष्मा नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "मला तुझ्या लहानपणीच कळलं होतं. तू हिच्याएवढी होतीस. लोक तुझं वाजवणं ऐकायला यायचे, आणि मी म्हटलं, आत्ता कशाला बोलायचं, येईल हळूहळू. प्रत्येक नवं पान तुला आधी वाजवून दाखवत गेले. लोकांनी विचारलं तर सांगायचे, आमची पद्धतच आहे, आधी कान, मग डोळा. मग तू शिकवायला लागलीस, तेव्हा मी घरात नवी पुस्तकं आणणंच बंद केलं. जुनीच बरी म्हणायचे. सगळ्यांना वाटलं बाई शिस्तीच्या आहेत."

मामीच्या डोक्यात ते हळूहळू उतरत गेलं. आधी कान, मग डोळा. ते तिने मंत्रासारखं घोकलं होतं. मागच्या खोलीत कितीतरी पोरांना तसंच शिकवलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. ते सगळं एका मुलीची लाज राखायला केलेलं होतं तर!

"आई," भिंगरी पियानोच्या पलीकडून बारीक आवाजात म्हणाली, "तुलापण मुंग्या दिसतात?"

वन्संनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि रडायला लागल्या. आवाज न करता, घरात बरीच वर्षं असंच रडायची सवय असल्यासारखं. भिंगरी फिरून आली आणि आईला चिकटून उभी राहिली. मामीकडे तिने अजूनही बघितलं नाही.

मोठ्या बाईंनी मामीकडे मान वळवली. "मागच्या खोलीत अशी आणखी किती असतील?"

मामीने एकेकाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. वकीलसाहेबांचा मुलगा. त्या जुळ्या बहिणी. सगळे गोड वाजवतात. सगळ्यांना ती आधी दाखवते. "माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच माहीत नाही, आई. सगळीच असतील."

"माझ्याकडेही असतील. उद्यापासून एकेकाला न ऐकलेल्या पानासमोर बसवायचं. पालकांना खरं सांगायचं. पुष्कळ जण जातील, बोलतील, नावं ठेवतील. परीक्षेला ही यंदा बसणार नाही." बाई जरा थांबल्या. "पुढची खोली मी तुला देते. पण ती अशी देते. रिकामी होईल कदाचित. घेशील?"

काय मागितलं होतं आणि काय हातात येत होतं! मामीला आनंद झाला नाही. भीतीच वाटली, निव्वळ भीती. आईबापांच्या समोर उभं राहून कसं सांगायचं, की तुमचं मूल इतकी वर्षं इथे येतंय आणि त्याला अक्षरओळख नाही? मामा तिला डोळ्यांनी विचार कर म्हणून खुणावत होता. "घेते," ती म्हणाली, कारण दुसरं काही बोलली असती तर पुन्हा गोष्ट पोटात ठेवायला लागली असती.

"मग चालू कर," वन्सं म्हणाल्या. नाक चोंदलेलं, तोंड लाल, आणि आवाजात अजून राग होता. राग कुणावर, ते त्यांनाच माहीत नसावं. "उद्या कशाला? माझ्यापासून कर. ती शिकणार तर मी काय बाहेर बसू?"

"वन्सं, आत्ता राहू दे ना..."

"मी चाळीशी उलटलेली बाई आहे. आत्ता उठले तर परत बसायची नाही. चालू कर म्हटलं ना."

मामीने खुर्ची ओढली आणि वन्संच्या शेजारी बसली. भिंगरी दुसऱ्या बाजूला टेकली, आईच्या आडून. मामीने तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या टिकलीखाली नख ठेवलं.

"हा कुठला स्वर?"

वन्संनी पान जवळ ओढलं. बराच वेळ बघितलं. "जी," त्या म्हणाल्या, जरा ताठ मानेने.

तो जी नव्हता, ई होता. मोठ्या बाई ऐकत होत्या, नवरा ऐकत होता, आणि या घरात आल्यापासून तिने वन्संना कधी साधं "असं नाही हो" म्हटलं नव्हतं.

"चुकलं," मामी म्हणाली. "पुन्हा बघा."

वन्संनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग मान खाली घातली, सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं, आणि लहान मुलासारख्या ओठ हलवत मोजायला लागल्या.